न पडलेला पैलवान आणि टोचनची पिकअप

मित्रांनो, रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला दोर नाहीतर लोखंडी दांडा लावून ओढत नेतात ना, त्याला आमच्या कोल्हापुरात टोचन म्हणतात. ते काम करणारी मी एक म्हातारी डिझेल पिकअप आहे. माझे वय चौदा. हसू नका. गाडीचे एक वर्ष म्हणजे माणसाची पाच वर्षे, आणि खडीच्या रस्त्यावर गूळ वाहिलेल्या गाडीची सहा. या हिशेबाने मी तुमच्या पणजीच्या वयाची झाले, तेव्हा मध्ये बोलू नका.

मी थोडे वाढवून सांगते, असे शिवाजी पेठेतले लोक म्हणतात. म्हणू देत. डिझेलच्या इंजिनाला थोडा धूर असायचाच. पण आज जी गोष्ट सांगणार आहे ती अगदी झाली तशी सांगते, कारण ती माझ्या मालकाची आहे, आणि त्या माणसाविषयी वाढवून सांगायला जागाच उरलेली नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका सरकत्या पट्ट्यावर मी निजले होते आणि माणसे व यंत्रे मिळून मला एकेक अवयव लावत होती. माझे इंजिन बसवताना दोन यंत्रे दमली आणि तिसरीने रजा टाकली. चाके लागली तशी मी स्वतःच पट्ट्यावरून उतरले, असे मला आठवते. कारखान्याच्या वहीत मात्र तशी नोंद नाही.

पहिली पाच वर्षे मी गुऱ्हाळावरून मार्केट यार्डात गूळ वाहिला. माझ्या अंगाला गुळाचा असा काही वास लागला होता की मुंग्यांची रांग माझ्या मागून थेट यार्डापर्यंत चालत यायची, आणि नाक्यावरचा पोलीस बाकीच्या गाड्या थांबवून आधी त्यांना जाऊ द्यायचा. लोक म्हणत, "गाडी असावी तर अशी." पुढे एका मांडववाल्याने मला घेतले. त्याचे बांबू, सतरंज्या आणि कर्णे मी गावोगाव नेले. मग एके दिवशी माझा स्टार्टर बिघडला. मांडववाल्याने मला कळंब्याला, तुरुंगाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर, एका झाडाखाली उभे केले आणि तो विसरून गेला. आतल्या कैद्यांना निदान सुटकेची तारीख ठाऊक असते. मला तीही नव्हती. दोन पावसाळे मी तिथे काढले. एका कोंबडीने माझ्या सीटवर एकवीस पिल्ले काढली. त्यातला एक कोंबडा मोठा झाल्यावर आरवायचा नाही, हॉर्न वाजवायचा.

आणि मग एके सकाळी गुंडूअण्णा आले.

मित्रांनो, पहिल्यांदा मला वाटले की झाडच चालत येत आहे. बावन्न वर्षांचा माणूस, मान आणि खांदे एकाच लाकडातून काढलेले, दोन्ही कान कुस्तीत मोडून पुरीसारखे फुगलेले. उजव्या पायाने जरा लंगडत होते. आयुष्यात त्यांनी सायकलसुद्धा विकत घेतली नव्हती. त्यांनी माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, माझ्या टायरवर थाप मारली, बॉनेट दोन्ही हातांनी दाबून बघितले आणि म्हणाले, "हाडापेरानं चांगली हाय. खुराक कमी पडलाय."

इथे तुम्हाला गुंडूअण्णांची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अडले. कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागते तो हरतो. गुंडूअण्णांची पाठ बावीस वर्षांत एकदाही मातीला लागली नव्हती. गुडघा गेला म्हणून त्यांनी लंगोट खुंटीला अडकवला, पण पाठ तशीच कोरी राहिली. ती कोरी पाठ ते जिवापाड जपायचे. घरी कुशीवर झोपायचे. न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकायचे नाहीत. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी उताणे झोपायला सांगितले, तर म्हणाले, "हाय असं उभ्यानंच तपासा." अख्ख्या पेठेत त्यांची ओळख एवढीच होती, न पडलेला पैलवान.

आयुष्यभर लोकांना आडवे केले, आता आडव्या पडलेल्या गाड्या मार्गी लावू, असा त्यांचा विचार. मला घेण्यासाठी त्यांच्या मंडळींनी, बायडाबाईंनी, आपली चंद्रा नावाची म्हैस विकली होती. बायडाबाई पेठेतच म्हशी पाळतात आणि कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून पेला हातात देतात. चंद्राच्या जागेवर गोठ्याच्या तोंडाशी मला उभे केले, तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. कोल्हापुरातल्या कितीतरी बायका आपल्याविषयी बोलताना गड्यासारख्या बोलतात. बायडाबाईही तशाच.

"दुसऱ्याच्या गाड्या वडायला गाडी आणलीसा, बरं केलं," त्या म्हणाल्या. "पर माझी चंद्रा गेली हिच्यापायी, ध्यानात ठेवा. मी काय रोज बोलणार न्हाय, एकदाच सांगतो. दिवाळीच्या पाडव्यापतोर ही दुसऱ्याच्या दोरीनं एकदा जरी घरला आली, तर हिला भंगारात घालायची आणि हितं म्हस बांधायची. मंजूर?"

"मंजूर," अण्णा म्हणाले.

"टोचनवाल्याचीच गाडी टोचन करून आली म्हटल्यावर कट्ट्यावरची माणसं दूध प्यायची सोडून हसत बसतील."

"मंजूर म्हटलो की."

भंगार हा शब्द ऐकला आणि माझ्या टाकीतले डिझेल थंड झाले. पण अण्णांनी माझ्या दिव्यावर हात ठेवला होता, म्हणून धीर आला.

अण्णांनी मला उद्यमनगरात पिराजी मिस्त्रींकडे नेले. पिराजी म्हणजे बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. आवाज ऐकून इंजिनाचा आजार सांगतो. त्याने माझा स्टार्टर दुरुस्त केला, मागे जाड पट्टी मारून हूक बसवला आणि अण्णांना समोर उभे करून शिकवणी घेतली.

"अण्णा, हवेची जाळी आठवड्याला झाडायची. रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्याबिगर उघडायचं न्हाय. डिझेलच्या फिल्टरात पाणी साचतं, त्ये सोडायचं. ही काठी बघा, तेल मोजायची. हिच्यावर दोन खुणा हायत. तेल दोन्हीच्या मधी पायजे."

"वरची खूण कशाची?"

"जास्तीत जास्त हितवर."

"आणि त्याच्या वर?"

"त्याच्या वर काय न्हाय, अण्णा. आणि तेल बदलायचं म्हंजे आधी खालचा नट काढून जुनं समदं सोडायचं, मग वरनं नवं घालायचं. दर पंधरा दिसानं गाडीखाली उताणं झोपून नट-बोल्ट बघायचे. टोचनच्या गाडीचं समदं दुखणं खाली असतंय."

अण्णांनी वाकून माझ्याखाली बघितले. "उकिडवं बसून दिसल की."

"न्हाय दिसत. झोपाय लागतंय."

"बघू," अण्णा म्हणाले. पैलवानाच्या तोंडून 'बघू' आले की समजावे, हे व्हायचे नाही.

पण वरून, मित्रांनो, वरून त्या माणसाने माझी जी सेवा केली, तशी कुणी आपल्या सख्ख्या बहिणीची करत नसेल. पहाटे जोर-बैठकांच्या वेळी उठून ते आधी माझ्याकडे येत. टायरमधली हवा मोजत. हवेची जाळी काढून उलट्या बाजूने हलकेच झटकत, जशी तान्ह्या मुलाची पाठ थोपटावी. फिल्टरमधले पाणी वाटीत सोडून ते उजेडात धरून बघत. दुसऱ्याची गाडी ओढताना एकदम दणका कधी दिला नाही. आधी दोर हळूच ताणायचा, मग क्लच सोडायचा. "जोडीचा पैलवान अंगावर घ्यायच्या आधी हात मिळवायचा असतोय," असे ते म्हणत. चढ असला की पहिल्या गिअरमध्ये धीराने न्यायचे, उतारावर इंजिन बंद करायचे नाहीत. माझ्या ताकदीपेक्षा जड गाडी असेल तर सरळ सांगायचे, "ह्ये आमच्या वजनगटातलं न्हाय, मोठी क्रेन बोलवा."

त्या सहा महिन्यांत मी काय काय ओढले म्हणून सांगू. रिक्षा, मोटारी, पाण्याचा छोटा टँकर. एकदा पन्हाळ्याच्या वाटेवर एक मोटार खड्ड्यातून ओढताना मी असा जोर लावला की गड चार बोटे पूर्वेला सरकला. खोटे वाटत असेल तर मोजून या. पण आधी तो कुठे होता ते मला विचारू नका.

आता चूक सांगते. अशी चूक तालमीत वाढलेला माणूसच करू शकतो.

पैलवानाचा खुराक दुसऱ्याच्या हातून करायचा नसतो, अशी अण्णांची समजूत. त्यामुळे माझ्या तेलापाण्याचे ते स्वतःच बघायचे. पिराजीने तेल बदलायला सांगितले होते, पण बदलायचे तर जुने खालून सोडायला हवे, आणि खाली जायचे तर पाठ टेकायला हवी. अण्णांनी वाट काढली. दर अमावास्येला माझी पूजा व्हायची, लिंबू-मिरची, नारळ, उदबत्ती. पूजा झाली की अण्णा अर्धा लिटर नवे तेल वरून ओतायचे. जुन्यातच नवे. मग काठी काढून बघायचे. तेल वरच्या खुणेच्या वर गेलेले असायचे. ते बघून त्यांचा चेहरा उजळायचा.

"खालची खूण कमजोर गाडीची," ते बायडाबाईंना समजावून सांगत. "वरची धडधाकट गाडीची. आणि त्याच्या वर पैलवान."

"बघा बाई," बायडाबाई धार काढता काढता म्हणायच्या. "मला काय त्यातलं कळत न्हाय. पर मिस्त्रीला इचारलासा न्हवं?"

"इचारायचं काय त्यात. खाल्लेलं कधी वाया जात न्हाय."

चैत्रापासून भाद्रपदापर्यंत सहा अमावास्या झाल्या. म्हणजे तीन लिटर जास्तीचे तेल माझ्या पोटात. मला जड जड वाटायला लागले. आत फिरणारा दांडा तेलात बुडून फेस काढायचा, जसे ताक घुसळल्यावर वर येते. चढावर दम लागायचा. मागून निळसर धूर यायचा. मी अण्णांना सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. खोकले, थरथरले, दिवा मिचकावला. अण्णा म्हणाले, "अशक्तपणा दिसतोय," आणि एक पळीभर आणखी ओतले.

पाडवा दोन दिवसांवर आला होता. सकाळी अण्णांचा फोन वाजला. पेठ वडगावहून चिमणाबाई बोलत होत्या. चार गावांचे दूध गोळा करून स्वतःच्या छोट्या टेम्पोतून रोज कोल्हापूरच्या डेअरीत आणणारी ही बाई. टेम्पोची क्लचप्लेट गेली होती आणि मागे बारा कॅन दूध होते.

"साडेबाराला डेअरीचं गेट बंद हुतंय, पैलवान," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत पोचवलासा तर बरं, न्हायतर दूध नासतंय माझं."

आम्ही दहाला पोचलो. दांडा लावला. चिमणाबाई पदर खोचून आपल्या टेम्पोच्या स्टेअरिंगवर बसल्या आणि आम्ही निघालो. पहिले काही किलोमीटर बरे गेले. पंचगंगेच्या पुलाच्या बऱ्याच अलीकडे, शिरोलीच्या वाटेवर, माझ्या पोटातला फेस श्वासाच्या नळीत शिरला. मी एकदम खाकरले. मागून निळ्या धुराचा असा लोट निघाला की टेम्पोतल्या चिमणाबाई दिसेनाशा झाल्या. अण्णांनी शहाणपणाने मला कडेला घेतले आणि लगेच इंजिन बंद केले.

चिमणाबाई धुरातून बाहेर आल्या. "पैलवान, माझी गाडी बंद पडली म्हणून तुमास्नी बोलवलो. आता तुमची पडली म्हणून कुणाला बोलवू?"

अण्णांनी बॉनेट उघडले, काठी काढली, नेहमीसारखी पुसून पुन्हा घातली, काढली. चिमणाबाई शेजारी येऊन वाकल्या.

"ह्या दोन खुणा कशाच्या?"

"तेल हितवर पायजे."

"आणि ह्ये तर पार वर आलंय की. काय घालताय हिला?"

"खुराक."

"आणि जुनं काढता का न्हाय?"

अण्णांनी काठी पुसली. एकदा पुसून झालेली पुन्हा पुसली.

"माझ्या म्हशीनं एकदा लग्नाचा उरलेला भात खाल्लाता," चिमणाबाई म्हणाल्या. "पोट असं नगाऱ्यावानी फुगलं, चार पायांवर उभी ऱ्हाईना. डॉक्टर आला, त्यानं औषध न्हाय दिलं पयलं. आतलं भाईर काढलं. तुमच्या हिला तेच झालंय. अशक्त न्हाय ही, जास्त झालंय हिला. कुठनं काढायचं त्ये?"

अण्णांनी पिराजीला फोन लावला. पिराजी एवढेच म्हणाला, "अर्धा तास गार हू द्या. मग खाली झोपा, अण्णा. दुसरा रस्ता न्हाय." आणि त्याने फोन ठेवला.

आता बघा काय कोंडी झाली. दुसऱ्याची दोरी लावून घरी गेलो, तर मी भंगारात. खाली झोपायचे, तर बावीस वर्षांची कोरी पाठ रस्त्याच्या कडेच्या मातीत, तीही भर सकाळी, चार माणसांसमोर. चिमणाबाईंनी पोती ओली करून दुधाच्या कॅनवर टाकली आणि घड्याळ बघितले. अण्णा माझ्या टायरला टेकून उभे राहिले. त्यांचा हात माझ्या पत्र्यावर होता.

तेवढ्यात एक पिवळी क्रेन हळू झाली आणि आमच्या पुढे थांबली. आतून विजयसिंह उतरले. मित्रांनो, या विजयसिंहांशी अण्णांच्या तीन कुस्त्या झाल्या होत्या. तिन्ही वेळा दिवस मावळला, तिन्ही वेळा पंचांनी बरोबरीत सोडवल्या. अण्णांची पाठ मातीला लावायची, एवढी एकच इच्छा उरात घेऊन तो माणूस म्हातारा व्हायला लागला होता.

"काय गुंड्या," ते म्हणाले, "दिवाळीत होळी पेटवलीस व्हय?"

"व्हय. ये शेकायला."

विजयसिंहांनी मागे जाऊन धूर हुंगला, खाली वाकून बघितले. त्यांना सगळे कळले. त्यांनी क्रेनमधून दोर काढला. "चल, लावतो. दोन्ही गाड्या वडतो. दूध डेअरीत सोडतो, तुला पेठंत."

"नगं."

"का? माझ्या दोरीला काटं हायत?"

"ही दोरीनं घरला गेली तर बायडा हिला भंगारात घालणार हाय. शब्द दिलाय मी."

विजयसिंह दोर हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी तो क्रेनवर टाकला आणि शर्टाची बटणे सोडायला लागले. "सर बाजूला. मी जातो खाली. माझी पाठ लई येळा लागलीया मातीला, आणि एकदा लागली म्हणून काय बिघडत न्हाय."

मित्रांनो, असा मोठेपणा मी गुळाच्या ढेपेतही बघितला नाही. अण्णांचे डोळे लाल झाले. एक पाऊल बाजूला सरले असते तर सुटले असते. पाठ कोरी, गाडी वाचली, दूध पोचले. पण त्यांनी विजयसिंहांच्या छातीवर हात ठेवून त्यांना थांबवले.

"न्हाय," ते म्हणाले. "खुराक मी घातला. काढायचा बी मीच."

चिमणाबाईंनी एक कोरडे पोते पुढे केले. "ह्ये टाका खाली, माती लागायची न्हाय पाठीला."

"पोत्यावर पडलं तरी पडणंच की त्ये, बाई."

त्यांनी अंगातला शर्ट काढून माझ्या आरशावर टांगला. कुस्तीच्या हौद्यात उतरताना लावतात तशी चिमूटभर माती कपाळाला लावली. चाकांना दगड लावलेत का ते चारही बाजूंनी तपासले. आणि मग आधी बसले, मग कोपरावर आले, मग दात खाऊन एकदम उताणे झाले. रस्त्याकडेच्या मातीवर ती पाठ टेकल्याचा आवाज झाला. फार मोठा नाही. पिकलेला पेरू पडावा तेवढाच.

पडलेल्या पैलवानाला आभाळ दिसते म्हणतात. अण्णांना माझे पोट दिसले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. तिथे चिखलाचे पोपडे होते, कळंब्याच्या झाडाचा वाळका पाला होता, कोंबडीची दोन पिसे होती. अण्णा बराच वेळ नुसते बघत राहिले.

"काय रं, झोपलास का?" विजयसिंह म्हणाले.

"इज्या," आतून आवाज आला, "हुकाच्या पट्टीचे दोन बोल्ट ढिल्ले झालेत. एक तर हातानं फिरतोय."

चिमणाबाईंनी आपल्या टेम्पोकडे बघितले, मग पुलाच्या दिशेने बघितले आणि पदराने तोंड पुसले. आम्ही तसेच पुढे गेलो असतो, तर तो हूक पुलावर भर रहदारीत निसटला असता, आणि मागे त्या होत्या.

मग विजयसिंहांनी काय करावे? तेही शर्ट काढून खाली सरपटले आणि अण्णांच्या शेजारी उताणे पडले. फोनचा उजेड वर धरला. माझ्या पोटाखाली दोन म्हातारे पैलवान खांद्याला खांदा लावून.

"आधी कोण पडलं?" विजयसिंहांनी विचारले.

"मी."

"मग मी जिंकलो."

"व्हय, जिंकलास. सतरा नंबरचा पाना दे."

आधी त्यांनी बोल्ट आवळले. मग चिमणाबाईंनी दिलेला पाण्याचा रिकामा कॅन खाली लावून तेलाचा नट सोडला. काळ्या तेलाची पहिली धार अण्णांच्या मिशीवर गेली. त्यांनी ती पुसली नाही. थोडे सोडायचे, नट लावायचा, चिमणाबाईंनी वर काठी बघून ओरडायचे, "अजून वरच हाय." पुन्हा सोडायचे. चौथ्या वेळेला त्या म्हणाल्या, "आता दोन्हीच्या मधी हाय. बास." काढलेले तेल मातीत जाऊ न देता कॅन बूच लावून मागे ठेवला.

अण्णांनी किल्ली फिरवली. पहिल्यांदा मी आत राहिलेला सगळा धूर बाहेर टाकला. शिरोलीच्या आकाशातले बगळे त्यात शिरले आणि कावळे होऊन बाहेर आले. मग घसा मोकळा झाला. इतकी हलकी मी कारखान्यातून निघाले त्या दिवशीही नव्हते. अण्णांनी दोर ताणावा तसा दांडा हळूच ताणला आणि आम्ही सावकाश निघालो. मागून विजयसिंहांची क्रेन दिवे लावून आम्हाला सांभाळत आली. डेअरीचा माणूस गेटला कडी घालत होता, तेव्हा चिमणाबाईंनी असा काही हॉर्न दाबला की कडी त्याच्या हातातून आपोआप सुटली. बाराच्या बारा कॅन आत गेले.

तिथून अण्णांनी मला पिराजीकडे नेले. त्याने उरलेले जुने तेल काढून मोजून नवे घातले, फिल्टर बदलला आणि एकही टोमणा मारला नाही. संध्याकाळच्या धारांच्या वेळी आम्ही माझ्या चाकांवर पेठेत शिरलो. कट्ट्यावर सात-आठ माणसे पेले घेऊन उभी होती. बायडाबाईंनी आधी माझ्या पुढे बघितले, मग मागे. कुठे दोर नव्हता. त्या पुन्हा म्हशीखाली बसल्या.

अण्णा उतरले. आरशावरचा शर्ट काढायला वळले आणि त्यांची पाठ सगळ्यांच्या समोर आली. खांद्यापासून कंबरेपर्यंत माती, आणि मातीवर काळे तेल. कट्ट्यावरचे पेले थांबले. बायडाबाईंच्या हातातली धार थांबली.

"पाठीला माती?" त्या उठत म्हणाल्या. "कुणी पाडलं तुमास्नी?"

अण्णांना खरे तर सोपे होते. गाडीखाली गेलतो, असे सांगितले असते तर कुणी ते पडणे धरले नसते. त्यांनी कट्ट्यावरच्या माणसांकडे एकदा बघून घेतले, मग माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"हिनं," ते म्हणाले.

बायडाबाई जवळ आल्या. पाठीवरची माती झटकायला त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग माझ्याकडे बघितले. पहिल्या दिवशी बघितले होते तसे नाही.

"मग ऱ्हाऊ दे हिला घरात," त्या म्हणाल्या. "तीस वरसं बघतोय मी. तुमास्नी पाडणारं कोणतरी पायजेच हुतं."

मित्रांनो, आता दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी अण्णा माझ्याखाली उताणे पडतात. पोते टाकत नाहीत. बोल्ट आवळतात, सांध्यांना ग्रीस भरतात, कुठे थेंब गळतोय का ते बघतात. काम संपले तरी कधी कधी बाहेर येत नाहीत. बावीस वर्षांची उताणी झोप साठलेली आहे, ती माझ्या सावलीत थोडी थोडी काढतात. मी तेव्हा इंजिनाचा टिकटिक आवाजसुद्धा होऊ देत नाही.

गाडीला हार घालणारे पुष्कळ भेटतात. मला आयुष्यात बरेच भेटले. मायेने तेल ओतणाराही भेटला. पण किती ओतायचे हे शिकायला जो मातीत पडला, त्याच्याइतका मोठा पैलवान मी पाहिला नाही. तुमच्या घरीही तुमच्यासाठी ओझे ओढणारे काहीतरी असेल. सायकल असेल, शिवणयंत्र असेल, बाबांची दुचाकी असेल. तिला वरून पुसा, खुशाल पुसा. पण महिन्यातून एकदा तिच्या खाली डोके घालून बघा आणि ती काय म्हणते ते ऐका. कपडे मळतील. आई विचारेल, कुणी पाडलं रे तुला? तेव्हा लाजू नका. ज्याने पाडले त्याचे नाव सांगा.